दोन नेमणूकपत्रे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



याच सभागृहात चैत्रातल्या हळदीकुंकवाला आईचा पदर धरून मी येत असे. कैरीची डाळ आणि पन्हे संपले की जाजमावरच झोपून जात असे. त्या जाजमापासून या टेबलापर्यंतचे अंतर फार तर दहा पावलांचे असेल. पण ते चालून येताना आज माझे पाय जितके कापले, तितके विमान उतरवितानाही कापत नाहीत. तेव्हा बोलताना काही चुकले तर आपलीच पोर म्हणून पदरात घ्यावे.

चिटणीसबाईंनी मला ‘स्त्रिया आणि विमानविद्या’ असा विषय दिला होता. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट सांगणार आहे. २०१७ साली एकाच आठवड्यात माझ्या हाती दोन नेमणूकपत्रे पडली. त्यांतले एक मी ठेवले, दुसरे परत पाठविले. ही गोष्ट घरगुती आहे. पण ती याच ठिकाणी सांगावयास हवी, कारण त्या निवडीत या मंडळाचा सल्ला होता, आणि खरे सांगावयाचे तर या मंडळाचा पैसाही होता.

विमान चालविण्याची नोकरी करावयाची तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. त्यासाठी आपल्या देशात २०० तास उड्डाण करावे लागते. हवामान, दिशाशास्त्र, विमानाची यंत्ररचना आणि हवाई वाहतुकीचे नियम यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना निराळा, आणि डोळे, कान, हृदय यांची डॉक्टरी तपासणी निराळी. या सगळ्याला माझ्या वेळी ३५ लाख रुपये लागले. बाबा साखर कारखान्यात नोकरीला होते. आमचे दोन खोल्यांचे घर बँकेकडे गहाण पडले. आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

२०१५ साली परवाना हाती आला, पण नोकरी काही येईना. त्या दिवसांत परवाना घेऊन घरी बसलेली मुले-मुली शेकड्यांनी होती. मी सकाळी शिकवणीवर्गात गणित शिकवीत असे आणि संध्याकाळी अर्ज लिहीत असे. हप्ते थकले, तेव्हा आई कोणाला न सांगता इथे आली होती. उन्हाळ्यात आपण सर्वजणी मिळून जी कांदालसणाची चटणी कुटून विकतो, त्या फंडातून मंडळाने तिला १ लाख रुपये बिनव्याजी दिले. कागद केला नाही, कोणी जामीन मागितला नाही. मला हे दोन वर्षांनी कळले. चटणीने डोळ्यांना पाणी येते हे ठाऊक होते. पण चटणी नुसती आठवूनही पाणी येते, हे तेव्हा कळले.

आता ती दोन पत्रे.

पहिले पत्र एका लहान, प्रादेशिक विमान कंपनीचे होते. त्याच वर्षी, २७ एप्रिल २०१७ रोजी, सरकारच्या ‘उडान’ योजनेतले पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला गेले होते. लहान गावे विमानाने जोडावयाची, सुमारे तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचे भाडे २५०० रुपयांच्या वर जाऊ द्यावयाचे नाही, आणि त्यात कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यावयाची, अशी ती योजना. त्यामुळे लहान कंपन्यांना माणसे हवी झाली होती. विमान होते एटीआर, फ्रान्समधल्या तुलूझ शहरी बनणारे. सुमारे ७० जागा, दोन्ही पंखांवर गरगर फिरणारे पंखे, आणि वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ते २५ हजार फुटांच्या वर जात नाही. म्हणून पावसाळ्यात मोठी जेट विमाने ढगांवरून जातात तेव्हा याला ढगांतून वाट काढीत जावे लागते. काम सहवैमानिकाचे. पगार बेताचा, आणि तीन वर्षे नोकरी सोडणार नाही असा बॉण्ड.

दुसरे पत्र मुंबईच्या एका उद्योगसमूहाचे होते. त्यांचे स्वतःचे जेट विमान होते. आठ जागा, गाद्यांच्या खुर्च्या, ४० हजार फुटांवरून जाणारे, मुंबईहून दिल्ली पावणेदोन तासांत गाठणारे. शिक्षण परदेशी, कंपनीच्या खर्चाने. मुक्काम मोठ्या हॉटेलात. पगार पहिल्या पत्राच्या जवळजवळ दीडपट, आणि बॉण्ड नाही.

आपल्यापैकी कोणीही म्हणेल, यात विचार तो काय करावयाचा? आमच्या घरीही तसेच झाले. त्याच महिन्यात बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. आई म्हणाली, “देवानंच पाठवलं बघ हे पत्र. दीड वर्षात घर सुटेल.” धाकटा भाऊ इंजिनियरिंगला जाणार होता, तो काही बोलला नाही, पण त्याने जेटचे चित्र माझ्या टेबलावर आणून ठेवले.

मलाही ते चित्र आवडले होते. पण वैमानिकाच्या धंद्यात पगाराच्या बरोबरीने आणखी एक जमाखर्च चालतो, तो तासांचा. विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती घेणारा कॅप्टन व्हावयाचे तर वरचा परवाना लागतो आणि त्याला १५०० तास लागतात. माझ्याजवळ २०० होते. प्रादेशिक कंपनीत वर्षाला ७००-७५० तास सहज होणार होते. १००० तासांच्या वर वर्षाला कोणालाच उडू देत नाहीत, इतका तिथला रेटा. मालकाच्या विमानात मालक जाईल तेव्हाच जावयाचे; वर्षाला २५०-३०० तास झाले तर पुष्कळ. म्हणजे जी मजल एकीकडे दोन वर्षांत गाठता येते, तिला दुसरीकडे साडेचार-पाच वर्षे. शिवाय एटीआर दिवसाला चार वेळा चढते आणि चार वेळा उतरते. भाकरी थापून थापूनच येते, तसे उतरणे उतरून उतरूनच येते.

उलट बाजूही होती. खाजगी विमानाच्या वैमानिकाला सगळे येते. परवानग्या काढणे, इंधनाची सोय, साहेबांच्या सामानाचे वजन, त्यांच्या पथ्याचा डबा, सगळे त्याने पाहावयाचे. आज नागपूर, उद्या दुबई, परवा कुठलीशी कधी न पाहिलेली धावपट्टी. आणि प्रादेशिक कंपनीतला वैमानिक तीच चार गावे वर्षभर पाहतो. तेव्हा एकाला विद्या आणि दुसऱ्याला मजुरी म्हणण्याजोगे ते नव्हते.

दोन दिवस मी कागदावर आकडे मांडले आणि खोडले. तिसऱ्या दिवशी आई मला इथे, मंडळात घेऊन आली. चटणी चालली होती. मसाल्याचे काम पाहणाऱ्या आपल्या आक्कांनी, त्या आज हयात नाहीत, मुसळ न थांबवता सगळे ऐकून घेतले. विमानात त्या जन्मात बसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “पोरी, लेक द्यायची असली की आम्ही घर बघतो व्हय? घर रंगवून ठेवत्यात. सासूला इचारलं तर सासू ग्वाडच बोलती. त्या घरात आदी आलेल्या सुनंला गाठायचं आन् एकच इचारायचं, बाई, तू नगं म्हटलंस तर तिथं काय हुतं?”

बायांनो, मी पुढे पुष्कळ परीक्षा दिल्या, पुष्कळ मुलाखती दिल्या. पण इतका नेमका प्रश्न मला कोणी शिकविला नाही. कारण वैमानिकाचे सगळे काम शेवटी या एकाच शब्दाशी येऊन थांबते. विमान चढविणे-उतरविणे शिकता येते. पण हवा वाईट आहे, यंत्राचा एक दिवा लागला आहे, किंवा आपली स्वतःचीच झोप झालेली नाही, अशा वेळी ‘आज नाही’ म्हणता आले पाहिजे. ते म्हणता येणे जितके वैमानिकाच्या स्वभावावर असते, तितकेच तो कोणाच्या घरात नांदतो त्यावर असते.

मी ‘आधी आलेल्या सुना’ शोधून काढल्या.

त्या जेटवर पूर्वी काम केलेले एक वयस्क कॅप्टन मला मुंबईत भेटले. ते मालकाबद्दल एकही वाईट शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “माणूस सज्जन. ‘उडाच’ असं मला कधीच म्हणाले नाहीत. फक्त घड्याळाकडे पाहायचे. आणि मग त्यांच्या सेक्रेटरीचा फोन यायचा, साहेबांची सही अकराला आहे. एकदा धुक्यात मी जायला नको होतं, पण गेलो. सुखरूप उतरलो. तेच वाईट झालं. कारण पुढल्या वेळी मी नाही म्हणालो तेव्हा मला ऐकायला मिळालं, गेल्या खेपेला तर उतरला होतात की!” त्या विमानावर दोनच वैमानिक होते. त्यांच्या आणि मालकाच्या मध्ये कोणी नव्हते. विमान विकले तर नोकरीही विकली जाणार होती. मागच्या खुर्चीवर जो बसतो तोच पगाराच्या चेकवर सही करतो, ही गोष्ट कॉकपिटचे दार लावले तरी बाहेर राहत नाही, असे ते म्हणाले.

मग प्रादेशिक कंपनीतली एक सहवैमानिक मुलगी भेटली. तिने तक्रारींचा पाढा वाचला. पगार कधी कधी उशिरा होतो, हॉटेलात गरम पाणी नसते, दोन उड्डाणांच्या मध्ये डबा मांडीवर ठेवून खावा लागतो. मी आक्कांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “गेल्या पावसाळ्यात आमचे कॅप्टन दोनदा परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार ओळींचा अहवाल दिला. कोणी काही विचारलं नाही.” आणि लगेच पुन्हा गरम पाण्यावर आली.

मी पहिले पत्र ठेवले.

माझ्या या निर्णयाचे कौतुक व्हावे म्हणून मी हे सांगत नाही. त्याची किंमत मी एकटीने दिली नाही. घर सुटावयास दीड वर्षाऐवजी साडेचार वर्षे लागली. भावाने इंजिनियरिंग एक वर्ष पुढे ढकलून एका गॅरेजात नोकरी धरली. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांचे औषध, पाणी, जेवण एवढ्यापुरतेच बोले. पुढे तीन वर्षे उलटल्यावर मी जात असे त्यांतल्या एका गावची विमानसेवाच बंद पडली. सरकारची भरपाई संपली आणि भाड्यात खर्च निघेना. त्यातच २०२० साल आले. २५ मार्चपासून दोन महिने देशातली सगळी प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली. माझा पगार निम्म्याहून खाली आला. आणि त्याच काळात, रुग्ण नेण्यासाठी, गर्दी टाळण्यासाठी, खाजगी विमानांना मागणी वाढली. तेव्हा ते जेटचे चित्र पुष्कळदा डोळ्यांपुढे आले. आपण चुकलो का, हा प्रश्न मी त्या दिवसांत रोज विचारला. हप्त्याच्या तारखेला तर दोनदा विचारला.

उत्तर मिळाले ते पुढे, २०२२ सालच्या जुलैत. मला कॅप्टन होऊन वर्ष झाले होते. घाटमाथ्याजवळच्या एका लहान विमानतळावर जावयाचे होते. विमानात ६२ माणसे. अशा लहान ठिकाणी मोठ्या शहरांसारखी उतरण्याची उपकरणे नसतात. एका ठरावीक उंचीपर्यंत खाली यावयाचे. तिथून धावपट्टी डोळ्यांना दिसली तर उतरावयाचे, नाही दिसली तर परत वर चढावयाचे, असा नियम. मी खाली आले. काचेवर पाणी आणि पुढे नुसते दूध. वर चढले. वीस मिनिटे घिरट्या घालून पुन्हा खाली आले. या खेपेला एक क्षण झाडे दिसली, रस्ता दिसला, आणि पुन्हा दूध. माझ्या शेजारचा तरुण सहवैमानिक हळूच म्हणाला, “मॅडम, अजून थोडं खाली गेलो तर दिसेल.”

दिसलीही असती कदाचित. पण पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते इंधन राखून ठेवावे लागते, आणि त्या उंचीच्या खाली माझा अधिकार नव्हता. मी विमान वर घेतले आणि दुसऱ्या शहरी नेऊन उतरविले.

उतरल्यावर लोक चिडले ते साहजिकच होते. एक म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “माझ्या नातवाचं बारसं आहे गं आज. पहिल्यांदा विमानात बसले ते त्याच्यासाठी. आता तिथं नाव ठेवतील आणि मी इथं.” मी म्हटले, “आजी, उद्या नातू मांडीवर घ्याल.” ती म्हणाली, “उद्या बारसं नसतं.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. कंपनीने मोटारीची सोय केली. पण आजी रात्री उशिरा पोहोचल्या असतील.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल दिला. उंची किती, दिसत किती होते, इंधन किती उरले. अधिकाऱ्यांनी तो वाचून फायलीत लावला आणि मला पुढच्या उड्डाणाचा कागद दिला. बस्स, एवढेच. त्या रात्री मला आक्कांची आठवण झाली. माझ्या मागे बसलेल्या ६२ माणसांपैकी एकही माझा धनी नव्हता. आणि त्या बासष्टही जणांचा माझ्यावर हक्क होता. मी ‘नगं’ म्हटले, आणि त्या घरात काहीच झाले नाही.

आता कोणी असे समजू नये, की खाजगी विमान वाईट आणि प्रवासी कंपनी चांगली. माझी एक मैत्रीण मुंबईत अशाच एका जेटवर सुखाने काम करते. तिथे वैमानिकांवर एक मुख्य वैमानिक आहे; मालकाचा निरोप आधी त्याच्याकडे जातो, आणि त्याचे ‘नाही’ मालक ऐकतो. रात्री दहाला फोन आला की चार वाजता निघावे लागते, महिन्याचे वेळापत्रक तिच्या हाती नसते. पण महिन्यातले बरेच दिवस ती लेकराजवळ असते, ते मला जमत नाही. उलट प्रवासी कंपन्यांतही वेळेसाठी तगादा लावणारे अधिकारी असतात. तेव्हा पाटी पाहून घर ओळखता येत नाही.

ही ओढाताण आजची नाही. प्रेम माथुर यांनी १९४७ साली परवाना मिळविला. आपल्याकडे व्यवसाय म्हणून विमान चालविणाऱ्या पहिल्या स्त्रिया मोजावयाच्या तर त्यांचे नाव पुढे येते. बाई म्हणून आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले. तिथे सहवैमानिक म्हणून त्या राहिल्या, पण कॅप्टनची जागा काही मिळेना. तेव्हा त्या दिल्लीस जाऊन घनश्यामदास बिर्ला यांचे खाजगी विमान चालवू लागल्या, आणि १९५३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. त्यांना प्रवासी कंपनीपेक्षा मालकाच्या विमानात अधिक मोकळीक मिळाली असेल. माझे उलट झाले. पुढे १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता-सिलचर मार्गावर फोकर विमान नेले, तेव्हा कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिक स्त्रियाच होत्या. तो मार्गही प्रादेशिकच, आणि ते विमानही पंख्यांचेच. माझ्या एटीआरला कोणी ‘लहान विमान’ म्हटले की मी हे त्यांना सांगते. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाच्या मानाने हे प्रमाण मोठे आहे. म्हणजे उद्या आपल्यापैकी कोणाची लेक किंवा नात अशीच दोन पत्रे घेऊन घरी येणार आहे; ती विमानाची नसली तरी इस्पितळाची, बँकेची, शाळेची असतील.

तेव्हा तिला पगार जरूर विचारा. पगाराला कमी लेखणारी माणसे बहुधा कर्ज नसलेली असतात. पण त्याबरोबर एवढे विचारा: पाच वर्षांनी तुझ्या हाती कोणती विद्या असेल? तुझ्या आधी तिथे कोण होते आणि ते का गेले? आणि आक्कांचा प्रश्न शेवटी विचारा, पण विसरू नका.

मंडळाचे १ लाख रुपये आईने २०२१ साली परत केले. तेव्हाच्या चिटणीसबाईंनी ते चटणीच्या फंडात पुन्हा जमा केले, आणि ऐकते की त्यातून गेल्या वर्षी एका मुलीची नर्सिंगची फी भरली गेली. घर सुटले. बाबा आज इथे मागच्या रांगेत बसले आहेत. भाऊ इंजिनियर झाला, एक वर्ष उशिरा. त्या एका वर्षाचा हिशेब मात्र माझ्याकडून अजून फिटलेला नाही, आणि तो पैशाने फिटणारा नाही, हे मी आज सर्वांसमक्ष कबूल करते.